एअर इन्टेक बदलल्याने गाडीची ताकद किती वाढते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एअर इन्टेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा फिल्टर, डबा आणि नळी, या एकाच विषयाभोवती फिरत आहेत, म्हणून हा संपूर्ण अंक त्याच विषयाला दिला आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २०१९ सालची १.२ लिटर पेट्रोल स्विफ्ट आहे. गाडी ५८ हजार किलोमीटर चालली आहे. महिन्यातून दोन-तीन वेळा आंबा घाटाने रत्नागिरीला जाणे होते आणि चार माणसे व सामान असले की चढावर गाडी दमल्यासारखी वाटते. ॲक्सेसरीच्या दुकानात तीन पर्याय सांगितले. पहिला, कंपनीच्याच डब्यात बसणारा धुता येणारा कापडी फिल्टर, साडेपाच हजारांचा. दुसरा, डबा काढून टाकून लावायचा उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर, बसवून नऊ हजार. तिसरा, लांब ॲल्युमिनियम पाइपचा ‘कोल्ड एअर किट’, बावीस हजार. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे तिसऱ्याने आठ ते दहा अश्वशक्ती वाढते आणि ॲव्हरेजही सुधारते. यांपैकी काय घ्यावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपण तिन्ही पर्याय किमतीसह लिहून पाठवलेत, त्यामुळे नेमके उत्तर देणे शक्य झाले. आधी दुकानदाराचा दहा अश्वशक्तीचा दावा हिशेबाला लावून पाहू, कारण तो एकदा तपासला की पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

आपल्या गाडीचे इंजिन ११९७ सीसीचे असून ते ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांना, ८३ अश्वशक्ती देते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतो, म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटाला तीन हजार वेळा इंजिनाची पूर्ण क्षमता भरली जाते. सिलिंडर कधीच शंभर टक्के भरत नाहीत. पंच्याऐंशी टक्के धरले तरी मिनिटाला तीन हजार लिटर, म्हणजे सेकंदाला पन्नास लिटर हवा लागते. घरी पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार येतात, तसे अडीच जार दर सेकंदाला त्या फिल्टरमधून जातात असे डोळ्यांपुढे आणावे. इंजिनाची ताकद या हवेच्या वजनावर ठरते, कारण पेट्रोल किती जाळता येईल हे हवाच ठरवते. दहा अश्वशक्ती वाढवायची तर हवेचे वजन साधारण बारा टक्क्यांनी वाढायला हवे.

आता कंपनीचा फिल्टर किती अडवतो ते पाहू. स्वच्छ कागदी फिल्टर, त्याचा डबा आणि स्नॉर्कल, म्हणजे डब्याकडे हवा आणणारी नळी, मिळून पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, साधारणपणे दोन-तीन किलोपास्कल इतका दाब खातात. वातावरणाचा दाब शंभर किलोपास्कलच्या आसपास असतो. म्हणजे डबा, फिल्टर, पाइप सगळे काढून इंजिनाचे तोंड मोकळे ठेवले, तरी दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त हाती लागणार नाही, आणि तेही फक्त लाल रेषेजवळ, म्हणजे सर्वाधिक आरपीएमजवळ. आपल्या इंजिनासाठी ही कमाल मर्यादा दोन-अडीच अश्वशक्तीची आहे. जो अडथळा मुळात तीन टक्क्यांचा आहे, तो दूर करून बारा टक्के मिळत नाहीत. कोणत्याही ब्रँडच्या, कोणत्याही देशातल्या किटला हा हिशेब चुकवता येत नाही.

या दोन-अडीच अश्वशक्तींतली किती प्रत्यक्षात मिळेल हे हवेच्या तापमानावर अवलंबून असते, आणि उघड्या फिल्टरचा पर्याय इथेच बाद होतो. कंपनीच्या गाडीत स्नॉर्कलचे तोंड बहुधा रेडिएटरच्या वर, पुढच्या जाळीमागे असते, म्हणजे इंजिन बाहेरची हवा ओढते. डबा काढून तिथे उघडा शंकू लावला की तो बॉनेटखालची, इंजिन आणि रेडिएटरने तापवलेली हवा ओढू लागतो. मे महिन्यात बाहेर ३८ अंश असताना बॉनेटखाली ६० अंश सहज होतात. ३८ अंशांच्या हवेपेक्षा ६० अंशांची हवा साडेसहा टक्के विरळ असते. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या नळ्यांत, हवा तशीही थोडी तापते, त्यामुळे ताकदीतील घट त्याच्या निम्मी, म्हणजे तीन-सव्वातीन टक्के धरावी. डायनोवरच्या, म्हणजे गाडीची ताकद मोजण्याच्या यंत्रावरच्या, आकड्यांची दुरुस्ती करण्याचे अमेरिकी एसएई मानकही तापमानाचा परिणाम याच पद्धतीने, वर्गमुळाने मोजते. तीन टक्के म्हणजे अडीच अश्वशक्ती. फिल्टर मोकळा करून जे कमावले ते गरम हवेने गमावले, आणि वर इंजिनात ठोका येऊ नये (इंधन अवेळी पेटू नये) म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्पार्क मागे घेतो तो तोटा वेगळाच.

हे मी नुसते कागदावरून सांगत नाही. एका मित्राच्या गाडीत उघडा फिल्टर होता आणि आम्ही ओबीडी स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, इन्टेकचे तापमान लावून पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर धावत होती तोवर आकडा बाहेरच्या हवेपेक्षा आठ-दहा अंशांनीच वर होता. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभे राहिलो आणि आकडा पन्नासवरून पंचावन्न, मग साठच्या पुढे चढत गेला. रांगेतून सुटल्यावर तो खाली यायला जवळपास चार किलोमीटर लागले. आंबा घाटात आपली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हळू चढते, पुढून वारा कमी मिळतो आणि इंजिन सर्वांत जास्त तापलेले असते. म्हणजे आपल्याला ताकद हवी असते नेमक्या त्या वेळी उघडा फिल्टर सर्वांत वाईट काम करतो.

मग लोक बदल जाणवल्याचे का सांगतात? कारण कंपनीच्या डब्यात आणि नळीत आवाज दाबणारे कप्पे असतात, त्यांना रेझोनेटर म्हणतात. ते गेले की ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन घुमते, आणि घुमणारे इंजिन जास्त जोरात पळते असे आपल्या कानाला मनापासून वाटते. सांगणारे खोटे बोलत नसतात; त्यांना तसे जाणवलेलेच असते. शिवाय त्या डब्याची आणि नळीची लांबी-रुंदी खालच्या आरपीएमला हवेच्या लहरींचा फायदा मिळावा अशी जुळवलेली असते. ती मोडली की दोन-अडीच हजार आरपीएमचा पिकअप थोडा मवाळ होतो, आणि रोजच्या चालवण्यात आपण सगळे तिथेच असतो.

तिसरा पर्याय, कोल्ड एअर किट, तत्त्वाने बरोबर आहे, कारण तो फिल्टर इंजिनापासून दूर, बंपरमागे किंवा मडगार्डच्या आत नेतो. पण बावीस हजार देऊन आपल्याला मिळणारी कमाल वाढ वर सांगितलेल्या दोन-अडीच अश्वशक्तींच्या आतलीच आहे, फिल्टर जमिनीच्या जवळ जातो आणि पावसाळ्यात त्याचा काय धोका असतो ते चिपळूणच्या पत्राच्या उत्तरात पाहावे. बंदिस्त कार्बन फायबर डब्याचे किट, इटलीची बीएमसी बनवते तशा प्रकारचे, या सर्वांत अभियांत्रिकीच्या दृष्टीने उत्तम, कारण त्यात फिल्टर मोठा असूनही गरम हवेपासून झाकलेला राहतो. ते शर्यतीच्या किंवा मोठ्या इंजिनाच्या गाडीला शोभते. ८३ अश्वशक्तीच्या घरगुती गाडीला त्याची गरज नाही.

राहिला पहिला पर्याय, तेल लावलेला कापडी फिल्टर. अमेरिकेतील के अँड एन ही यातली सर्वांत परिचित कंपनी. ब्रिटनची पायपरक्रॉस फोम वापरते. डबा कायम राहत असल्याने थंड हवा मिळत राहते, ही त्याची जमेची बाजू. ताकदीतला फरक मात्र अर्ध्या-एका अश्वशक्तीचा, म्हणजे चालवताना न कळणारा. मुख्य प्रश्न धुळीचा आहे. कापडी फिल्टर जास्त हवा सोडतो, तेव्हा तो बारीक धूळही जास्त सोडत नाही ना, हे विचारायला हवे. यासाठी आयएसओ ५०११ नावाची चाचणी आहे. तीत ठरावीक प्रवाहाला किती दाब खाल्ला आणि ठरावीक प्रतीची धूळ किती टक्के अडवली, हे दोन्ही आकडे मिळतात. दोन्ही आकडे एकाच चाचणीतले असावेत असा आग्रह धरा. विक्रेता फक्त ‘पन्नास टक्के जास्त हवा’ एवढेच सांगत असेल आणि धूळ अडवण्याचा आकडा देत नसेल, तर तो फिल्टर घेऊ नये. ऊसतोडीच्या हंगामात इचलकरंजी-शिरोळ भागात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे जी धूळ उडते ती सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टन रिंग घासणारी असते. तिथे मी स्वतः कागदी फिल्टरच वापरतो आणि पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीच्या आधी बदलतो. कागदी फिल्टरचा एक गुण फारसा कोणी सांगत नाही : थोडी धूळ बसल्यावर तो बारीक कण आणखी चांगले अडवतो.

कोणताही फिल्टर लावला तरी एक तपासणी घरी करावी. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी यांमधला रबरी पाइप सोडवा, पांढरे सुती फडके बोटाला गुंडाळून पाइपच्या आतून फिरवा. फडके स्वच्छ निघाले तर फिल्टर व त्याची रबरी कडा दोन्ही ठीक आहेत. तपकिरी, खरखरीत पट्टा उमटला तर धूळ आत जात आहे, आणि बहुतेक वेळा ती फिल्टरच्या कापडातून नव्हे तर नीट न बसलेल्या कडेतून किंवा सैल क्लॅम्पमधून जात असते.

ॲव्हरेजविषयीचा दावा तर मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना थ्रॉटलची झडप बहुतांश मिटलेली असते आणि मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे हवा अडवण्याचे काम आपणच, आपल्या पायाने, करत असतो. फिल्टरने त्यात अर्धा टक्का कमी-जास्त केले तर झडप केसभर जास्त उघडते, इतकेच. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंधन इंजेक्शनच्या गाड्यांवर मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या. इंधनाच्या खपात लक्षणीय फरक पडला नाही, वेग घेण्यात मात्र पडला. चोंदलेल्या फिल्टरने जिथे खप वाढला नाही, तिथे मोकळ्या फिल्टरने तो कमी होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

तेव्हा माझे उत्तर असे : तिन्ही पर्याय सोडा. ५८ हजार किलोमीटरला नवा कंपनीचा कागदी फिल्टर, नवे स्पार्क प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई, टायरमधील हवा, ब्रेक कुठे चिकटत नाहीत ना याची तपासणी आणि क्लच घसरतो का याची चाचणी, एवढे करून घ्या. चार माणसे व सामान घेऊन ११३ न्यूटनमीटर टॉर्कची गाडी घाट चढताना गिअर एक पायरी खाली ठेवून आरपीएम साडेतीन-चार हजारांवर राहू द्यावे. या इंजिनाचा कमाल टॉर्कच ४२०० ला आहे. गाडी दमल्यासारखी वाटण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

प्रश्न : माझी गाडी १.० लिटर टीएसआय टर्बो-पेट्रोल आहे. टर्बोला जास्त हवा लागते, म्हणून टर्बोच्या गाडीत इन्टेकचा फायदा साध्या गाडीपेक्षा जास्त होतो असे मित्र सांगतात. एका ट्यूनरने डायनोवर आधी-नंतरचे आलेखही दाखवले. हे कितपत खरे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. अशा गाडीत ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब मोजतो आणि ठरवलेला दाब मिळेपर्यंत वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, मिटवून टर्बोला जास्त फिरवतो. फिल्टर थोडा जड असेल तर टर्बो थोडा जास्त फिरून ती कसर भरून काढतो. फिल्टर मोकळा केला तर तो थोडा कमी फिरतो. चाकांवर पोहोचणारी ताकद दोन्ही वेळा जवळपास तीच, कारण लक्ष्य सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले आहे. टर्बो थोडा लवकर जागा होणे आणि तो ‘स्स्स’ असा आवाज स्पष्ट ऐकू येणे, हा मिळणारा फरक. खरी वाढ रीमॅपने, म्हणजे ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलून, होते, आणि रीमॅपनंतरही आधी फिल्टरमागचा दाब मोजून मगच इन्टेकचा विचार करावा. रीमॅप वॉरंटीच्या काळात करू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. त्यानंतर गिअरबॉक्स बिघडला तर भांडण आपल्याच अंगावर येते.

डायनोच्या आलेखाबद्दल ट्यूनरला काही गोष्टी विचारा. चाचणीच्या वेळी बॉनेट उघडे होते का? बॉनेट उघडे ठेवून समोर मोठा पंखा लावला की उघड्या फिल्टरला थंड हवेचा वर्षाव मिळतो, जो रस्त्यावर कधीच मिळत नाही. दोन्ही चाचण्या एकाच दिवशी, त्याच गिअरमध्ये, इंजिन व टायर सारखेच तापलेले असताना झाल्या का? प्रत्येकी किमान तीन धावा घेतल्या का? एकाच गाडीच्या, काहीही न बदलता घेतलेल्या दोन धावांतही एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो. आपल्याला दाखवलेली वाढ त्याहून मोठी नसेल, तर ती वाढ म्हणता येत नाही.

टर्बोच्या गाडीत एक काळजी अधिक घ्यावी. टर्बोमधले हवा दाबणारे कॉम्प्रेसरचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेते. फाटलेल्या फिल्टरमधून किंवा सैल क्लॅम्पमधून गेलेला वाळूचा कण त्या पात्यांच्या कडा खातो. क्लॅम्प पाच मिनिटांत तपासून होतात. निदान प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर ते पाहावेत.

प्रश्न : माझ्याकडे १.३ लिटर डिझेल गाडी आहे. मागील मालकाने तेलाचा कापडी फिल्टर लावला होता. तो मी धुऊन, भरपूर तेल लावून परत बसवला. आठ दिवसांत इंजिन लाइट लागला आणि गाडी ओढेनाशी झाली. दुसरे असे की भाऊ म्हणतो, आता कोल्ड एअर किटच बसव. आमच्याकडचा पाऊस आपल्याला ठाऊक आहेच.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण लावलेले जास्तीचे तेल हवेबरोबर उडून एअर फ्लो सेन्सरवर बसले असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. या सेन्सरमध्ये तापवलेली बारीक पट्टी असते. हवा तिला किती थंड करते यावरून ईसीयू हवेचे वजन ओळखतो. पट्टीवर तेल आणि धुळीचा थर बसला की ती हवा कमी दाखवते, काळा धूर होऊ नये म्हणून ईसीयू डिझेल कमी सोडतो आणि गाडी ओढत नाही. सेन्सर काढून त्यावर फक्त एअर फ्लो सेन्सरसाठी मिळणारा स्प्रे मारा, बोट किंवा कापूस लावू नका, पूर्ण वाळल्यावर बसवा, स्कॅनरने कोड पुसा. तेवढ्याने लाइट गेला नाही तर सेन्सर बदलावा लागेल. फिल्टर धुताना पाणी स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे, हलक्या धारेने सोडावे, सावलीत आपोआप वाळू द्यावे, मग प्रत्येक घडीच्या माथ्यावरून तेलाची एकच रेघ ओढून ते पसरेपर्यंत अर्धा तास थांबावे. डिझेलसाठी मात्र मी पुन्हा कागदी फिल्टरच सुचवेन. डिझेल इंजिनात हवा तशीही इंधनाच्या गरजेपेक्षा जास्तच असते.

भावाला कोल्ड एअर किटपासून परावृत्त करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या इंजिनाचा एक सिलिंडर ३१२ सीसीचा आहे आणि डिझेलचे कॉम्प्रेशन सतरा-साडेसतरापट असते. म्हणजे पिस्टन वर आल्यावर जी जागा उरते ती सुमारे एकोणीस सीसीची, चहाच्या चार चमच्यांएवढी. तेवढे पाणी सिलिंडरमध्ये शिरले की ते दाबले जात नाही, आणि जोर कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. बंपरमागे, जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवलेला फिल्टर गुडघाभर पाण्यात पूर्ण बुडतो, तर कंपनीचे स्नॉर्कल हेडलाइटच्या उंचीवर असते. २२ जुलै २०२१ चा पूर आपण पाहिला आहे. तेवढे पाणी नसले तरी बाजारपेठेतल्या तुंबलेल्या रस्त्यावर समोरच्या बसने उठवलेली एक लाट पुरते. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून पाणी गेले का ते पाहिल्याशिवाय इंजिन फिरवू नका. साध्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान सहसा धरले जात नाही. इंजिन संरक्षणाचे जोड-कलम वेगळे घ्यावे लागते, आणि चिपळूणमध्ये ते घ्यावेच.

प्रश्न : मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्याच्या होंडा सिव्हिकला त्याने इन्टेक किट लावले आहे. तिथे असे चालते, मग इथे आरटीओचा त्रास का होतो?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तिथेही सरसकट चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या वायू संसाधन मंडळाने, म्हणजे कार्बने, त्या गाडीसाठी तपासून मंजुरी क्रमांक दिलेले किटच रस्त्यावर वैध असते, आणि स्मॉग तपासणीच्या वेळी बॉनेट उघडून तो क्रमांक असलेला स्टिकर पाहिला जातो. मुलाने किटबरोबर आलेला स्टिकर चिकटवला आहे का, हे जरूर विचारा. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचले आहे. त्याच मापाचा फिल्टर डब्यात बदलणे हा देखभालीचा भाग आहे. डबा काढून टाकणे किंवा रीमॅप करणे मात्र उत्सर्जनाच्या मंजुरीला हात घालते, आणि आपल्याकडे अशा सुट्या किटला मंजुरी क्रमांक देणारी कॅलिफोर्नियासारखी व्यवस्था नाही.

प्रश्न : गॅरेजवाले कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने झाडून परत लावतात. चालेल का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : फार जोराच्या हवेने कागदाची छिद्रे मोठी होतात आणि धूळ आत जाऊ लागते, फिल्टर वरून मात्र स्वच्छ दिसतो, म्हणून हे लक्षातही येत नाही. अगदीच करायचे तर दाब कमी ठेवून, नळी वीतभर लांब धरून, आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूला हवा मारावी. हातात घेऊन दिव्यासमोर धरा. प्रकाशाचा एक जरी ठळक ठिपका दिसला तर तो फिल्टर टाकून द्या. नवा तीन-चारशे रुपयांत मिळतो.